तिसरी घागर

भाऊ, तुझा चश्मा रशीदभाईंनी परवा आणून दिला. त्यांच्या दुकानातल्या बाकाखाली पडला होता. त्या सकाळच्या धावपळीत कोणाचं लक्षच गेलं नाही. सोबत पिशवीत तुझ्या गोळ्यांची उरलेली पाकिटं होती आणि ते काळं फडकं. फडकं मी धुतलं नाही. त्याच्या विणीत कापसाचे दोन-चार तंतू अडकलेले आहेत, किती वर्षांपूर्वीचे कोण जाणे.

"बाई, भाऊ बसल्या जागी गेले," रशीदभाई म्हणाले. "चाय झालती. मी इकडे स्कूटरचा नट कसून राह्यलो होतो, वर पाह्यलं तर मान खाली. तकलीफ बिलकुल नाई झाली." हे त्यांनी मला आतापर्यंत चारदा सांगितलं आहे. दर वेळी मी पहिल्यांदाच ऐकते आहे असं दाखवते. आई-बाबा गेल्यावर घाटंजीच्या घरात तू एकटा राहायचास आणि मी यवतमाळहून आठवड्यातून एकदा यायचे. उरलेले सहा दिवस तुझी गोळी तुझ्या पोटात गेली की नाही, हे त्या माणसानं पाहिलं. तेव्हा माझ्यापेक्षा जास्त वेळा सांगायचा त्यांचा हक्कच आहे.

तू जाऊन सात आठवडे होत आले. भेटायला येणारं प्रत्येक माणूस "सुटला बिचारा" म्हणून गेलं. तिसऱ्या दिवशी मावशीही तेच म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. "सुटला म्हंजे? आम्ही काय बांधून ठेवलं होतं त्याले?" असं मी सगळ्यांसमोर ओरडले. मावशी गप्प झाली. मीही झाले. कारण आपल्या घरात एका माणसाला खरंच बांधून ठेवलं होतं, आणि ते माहीत असलेली मी आता शेवटची उरले आहे.

आणखी एक सांगून टाकते. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मृणालचा बारावीचा शेवटचा पेपर होता. मी तिला सांगितलं नाही. "मामाला बरं नाही, बघून येते," एवढं बोलून मी घाटंजीची गाडी धरली. पोरीनं पेपर दिला, मैत्रिणींबरोबर आइस्क्रीम खाल्लं, आणि घरी आल्यावर तिला कळलं की तिचा मामा कालच जळून राख झाला. ती रडली नाही. "आई, तू हे नेहमीच करतेस का गं?" असं विचारून तिनं आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. दाराबाहेर मी ताटकळत उभी होते, आणि तुझा आवाज माझ्या कानात होता. तुला माझं उत्तर माहीत होतं.

लोकांना तू ग्रेडर साहेब म्हणून माहीत. कापूस संकलन केंद्रावर मालाची प्रत ठरवून घ्यायला बैलबंड्यांची रांग लागलेली असायची आणि तू पांढरा शर्ट घालून त्यातून चालत जायचास. मी कॉलेजात असताना डबा घेऊन यायचे, तेव्हा तुला बघायचे. बाकीचे ग्रेडर बंडीच्या वरचा कापूस चिमटीत धरून मोकळे व्हायचे. तू बाही वर सारून खांद्यापर्यंत हात आत घालायचास. "वरचा कापूस सगळ्याईचाच चांगला असते शोभे. बंडीच्या पोटात काय हाय ते पाहा लागते." मग ती चिमूट दोन अंगठ्यांमध्ये ओढायचास, पुन्हा जुळवायचास, पुन्हा ओढायचास, आणि सरळ झालेले तंतू या काळ्या फडक्यावर आडवे ठेवून लांबी सांगायचास. पट्टी लावून पाहिली तर केसभराचाही फरक नसायचा. तुझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. गाणं ऐकणाऱ्या माणसाचा होतो तसा.

मग तो हंगाम आला. परतीच्या पावसानं बोंडं काळी पडली होती, भाव कोसळले होते, आणि आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायला लागलं होतं, कशासाठी ते सगळ्यांना माहीत आहे. तू एकोणतीस वर्षांचा होतास. दिवाळीनंतर तू जेवेनासा झालास. रेडिओवरच्या बातम्यांमध्ये तुझ्यासाठी काहीतरी असतं, असं तू एकदा आईला म्हणालास. तिनं रेडिओच कपाटात ठेवून दिला. आणि एका सोमवारी, भर दुपारी, तू एका म्हाताऱ्याच्या बंडीत खांद्यापर्यंत हात घातलास आणि तो बाहेर काढेनास.

रशीदभाई तेव्हा तिथेच होते, केंद्राचं इंजिन दुरुस्त करायला आले होते. तू आधी कान लावलास म्हणे. मग दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागलास. ढीगच्या ढीग मातीत पडत होता, म्हातारा हातापाया पडत होता, आणि तू ओरडत होतास, "अरे, आत पोरगी हाय! रडून राह्यली ते! ऐकू नाई येत का तुमाले?" पूर्ण बंडी रिकामी केलीस. तळाशी फळ्या निघाल्या. मग दुसऱ्या बंडीकडे वळलास.

दोन दिवसांनी पेपरात आलं की शेतकऱ्यांचं दुःख बघवेना म्हणून एका संवेदनशील ग्रेडरनं टाहो फोडला. कापसाच्या पोटातून विदर्भाची लेक रडते आहे, असंही त्या बातमीदारानं कुठून तरी आणून जोडलं होतं. गावभर तुझा मान वाढला. ज्याचा कापूस तू मातीत घातलास तो म्हाताराही घरी येऊन तुझ्या पाया पडून गेला. बाबा तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, कागदावर फार विश्वास. त्यांनी ते कात्रण नीट कापून देवघराच्या कप्प्यात ठेवलं. आलेल्या-गेलेल्याला दाखवायचे. "आमचं पोरगं फार भावनाशील आहे," म्हणायचे. आणि हे म्हणताना त्यांचा आवाज मोकळा झालेला असायचा, हे मी तेव्हाच ऐकलं होतं. वेड्याचा बाप होण्यापेक्षा भावनाशील मुलाचा बाप होणं कितीतरी सोपं होतं.

आपल्या भागात त्या वर्षांत सगळ्याला एकच कारण होतं. कोणाची झोप उडाली, कोणी बायकोला मारलं, कोणी बोलेनासा झाला, तरी म्हणायचे, कापसानं केलं. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. पण तुझं तसं नव्हतं. तुझ्याकडे शेत नव्हतं, पगार वेळेवर होत होता, आणि तुझ्या डोक्यात जे सुरू झालं होतं ते भाव चढले असते तरी सुरू झालंच असतं. त्या गर्दीत तुझा आजार कोणालाच वेगळा दिसला नाही.

कोणालाच, हे मी चुकीचं लिहिलं. मला दिसला होता.

यवतमाळच्या डॉक्टरांकडे तुला घेऊन गेलो तो दिवस आठवतो का तुला? तू खिडकीकडे तोंड करून बसला होतास. डॉक्टर भले होते, घाईत होते, बाहेर तुझ्यासारखी चाळीस माणसं बसली होती. त्यांनी विचारलं, "घराण्यात आणखी कोणाला असा त्रास?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा जीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत वंशावळीचे तक्ते काढलेले होते, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर आत काळं भरायचं. सुबक तक्त्यांबद्दल मला शाबासकी मिळाली होती. आणि आठ दिवसांनी माझा साखरपुडा होता. मी म्हणाले, "नाही."

डॉक्टरांनी लिहिलं, ताणतणाव. झोपेच्या आणि उदासीच्या गोळ्या दिल्या. "इथं सगळ्यांनाच टेन्शन आहे, त्यातून हेही बाहेर येतील," म्हणाले. चार वर्षं तू त्या चुकीच्या गोळ्या खाल्ल्यास. चार वर्षं आई दर चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीला जायची. नोकरी सुटली. एका उन्हाळ्यात तू घरातल्या सगळ्या गाद्या-उशा फाडून बघितल्यास, कारण रडणं आता घरातून यायला लागलं होतं. मी तोवर सासरी यवतमाळला सुखात होते, माझ्या कडेवर मृणाल होती, आणि माझा नवरा पाहुण्यांना अभिमानानं सांगायचा की आमच्या मेव्हण्यांना कापसाच्या संकटाचा धक्का बसला. तो आजही तेच सांगतो. भला माणूस आहे, मी जे सांगितलं ते त्यानं मानलं.

आपल्या घराण्यातल्या काळ्या भरायच्या गोलाबद्दल मला कळलं होतं ते अखजीला. अक्षय तृतीयेला बाबा पितरांच्या घागरी भरायचे. लाल मातीच्या छोट्या घागरी, वाळा टाकलेलं पाणी, तोंडावर आंबा, पुढे पत्रावळीवर रस, कुरडया आणि चिंचवणी. पहिली आजोबांची, दुसरी आजीची. बाबा नाव घेऊन पाणी सोडायचे. आणि तिसरी एक घागर असायची, तिच्यावर पाणी सोडताना त्यांचे ओठ हलायचे नाहीत. मी लहानपणापासून विचारायचे, "बाबा, ही कोणाची?" उत्तर ठरलेलं होतं. "राहू दे."

साखरपुड्याच्या आधीच्या अखजीला मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. तिनं पुरण वाटता वाटता, माझ्याकडे न बघता सांगितलं. बाबांची धाकटी बहीण, कुसुम. एकोणिसाव्या वर्षी तिला आवाज ऐकू यायला लागले. तिच्या मागे आणखी दोघी लग्नाच्या होत्या, म्हणून आजोबांनी तिला मागच्या खोलीत ठेवलं आणि गावात सांगितलं की तिला मामाकडे पाठवलंय. सात वर्षं. आई लग्न होऊन आली तेव्हा ताट आत सरकवायचं काम तिच्याकडे आलं. शेवटी ताप आला आणि गेली. "तुया लग्नात हे निघू नये, बाई," आई म्हणाली. मी मान हलवली. डॉक्टरांसमोर "नाही" म्हटलं ती मी नव्हते, आपलं अख्खं घर होतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. पण तोंड माझंच होतं, भाऊ. मी तुझी माफी मागितली नाही. मागायची म्हणजे आधी काय केलं ते सांगावं लागलं असतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी पाचव्या वर्षी तुझा आजार बरोबर ओळखला. गोळ्या बदलल्या आणि दोन महिन्यांत रडणं थांबलं. तू मला विचारलंस, "शोभे, तू जीवशास्त्र शिकवते ना? मले नेमकं काय झालतं ते सांग." अंगणात नळाजवळ बसून मी तुला शिकवलं, अकरावीच्या पोरांना शिकवते तसं. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं. ज्या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं, तिथे ते म्हणतं, हे महत्त्वाचं आहे. पेशींच्या अंगावर त्याच्यासाठी जागा असतात, रिसेप्टर म्हणतात. रसायन तिथे जाऊन बसलं की निरोप पोचतो. काही माणसांत हे निरोप जास्त जातात, नको तिथे जातात. मग पंख्याच्या आवाजातही अर्थ दिसतो.

तू बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसलास आणि म्हणालास, "म्हंजे ग्रेडर. बंडी आली का तो हात घालते आन् सांगते, हे एक नंबर, हे रिजेक्ट. माह्या डोक्यातला ग्रेडर सगळ्यालेच एक नंबर देऊन राह्यला होता." इतकी वर्षं शिकवते आहे मी, इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही. आता दर वर्षी वर्गात मी तुझंच सांगते, तुझं नाव न घेता.

"आन् हे गोळी काय करते?"

"ते ग्रेडरच्या खुर्चीत जाऊन बसते. रसायनाले बसू देत नाही."

"तरीच," तू म्हणालास. तुझ्या खिशात तेव्हाही हे फडकं होतं. रशीदभाईंनी दुकानात गादीसाठी आणलेला कापूस तू आदल्या दिवशी हातात घेतला होतास. "काहीच लागलं नाही, शोभे. कापूस हातात घेतला तं नुसता कापूस लागते आता." तू तक्रार केली नाहीस. पण त्यानंतर मी तुला कापूस ओढताना कधी पाहिलं नाही. आवाज गेले, त्यांच्याबरोबर ते गाणंही गेलं. या गोळ्यांनी तुला जगवलं हे मी शपथेवर सांगेन, आणि तरी त्या दिवशी आत जाऊन मी रडले.

मग तुझा पुढचा प्रश्न आला. हा ग्रेडर बिघडलेला मिळतो कुठून? मी सांगितलं, त्या रिसेप्टरची घडण जीनमध्ये लिहिलेली असते. ती लिहिण्यात माणसामाणसांत बारीक फरक असतात. काही फरक आजारी माणसांत थोडे जास्त सापडतात. पण एकट्या त्या फरकानं कोणी आजारी पडत नाही. तसे शेकडो जीन असतात, एकेकाचा भार चिमूटभर. "सरकी तेच, पन एका वावरात पिकते आन् दुसऱ्यात बोंडं गळते," तू म्हणालास. मी हो म्हटलं. बाबा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं नाही, एवढं माझ्या लक्षात आहे.

नागपूरच्या दवाखान्यात एक संशोधन करणारी मुलगी याच रिसेप्टरच्या जीनसाठी रक्ताचे नमुने गोळा करत होती. तू लगेच बाही वर केलीस. भावाबहिणीचे दोन्ही नमुने मिळाले तर बरं, असं ती म्हणाली. मी शाळेच्या परीक्षेचं कारण काढलं. "दोन नमुने पाह्यजे, शोभे, एकाच वावरातले," तू चिडवत होतास. मी गेले नाही. माझं रक्त बघायची मला भीती नव्हती, माझ्यातलं मृणालमध्ये उतरलं असेल याची होती. त्यानंतर कितीतरी वर्षं तू मला विचारायचास, "माह्या रक्ताची ग्रेड आली का?" मी म्हणायचे, येईल. संशोधनात कोणाला आपापला रिपोर्ट मिळत नसतो, हे मला माहीत होतं. त्या चिमूटभर फरकांवरून एका माणसाचं भविष्य कोणाला सांगताही येत नसतं. पण येईल म्हणणं सोपं होतं.

या संक्रांतीला तू ते उघड केलंस. तिळगूळ तोंडात टाकून म्हणालास, "रिपोर्ट येत नसते, मले मालूम हाय. त्या पोरीनंच सांगतलं होतं. तू किती वर्षं 'येईल' म्हंते, ते पाहून राह्यलो होतो." मी हसले. तूही हसलास, फार दिवसांनी. आणि त्याच हसण्यात म्हणालास, "मृणालले सांग आता."

"काय सांगू?"

"आत्याचं. माह्यं. पोरगी पुण्याले चालली शिकाले. तिले काही झालं तं तिले कसं कळन? मी चार वर्षं ते पोरगी शोधत बसलो. तिनं चार दिवस बी बसू नये."

तेव्हा कळलं की कुसुमआत्या तुला माहीत होती. आईनं सांगितली नव्हती. तू पाच-सहा वर्षांचा होतास, मी जन्मले नव्हते. मागच्या खोलीच्या दाराला कान लावून तू बसायचास. आत कोणीतरी रडायचं आणि मधूनच ओव्या म्हणायचं. कोण आहे विचारलं की आजी सांगायची, कोणी नाही, तुला भास होतो. "बंडीच्या पोटातून तेच आवाज येत होता," तू म्हणालास. "तेच पोरगी. आवाज खोटा होता, मालूम हाय मले. पन रडणं मी खरंच ऐकलं होतं ना?"

पण मी शिक्षिका, वाद घालायला बसले. म्हटलं, भाऊ, आजार त्या आठवणीनं झाला नाही, तो रक्तातून आला. आठवणीनं फक्त त्याला आवाज दिला. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "बरं. जीन आत्याकडून मले आली असन. पन ते दार कोणाकडून आलं? ते तं रक्तात नसते ना? ते तू मृणालले देऊन राह्यली."

मी उठले. पदर खोचला, पिशवी उचलली, आणि म्हणाले ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "तुझं लचांड माह्या पोरीच्या मागं लावू नको." मग दारातून वळून, "बारावी होऊ दे तिची, मग पाहू." तू बसपर्यंत सोडायला आलास, रिकामी खिडकी शोधून दिलीस, आणि गाडी हलताना हात वर केलास. त्यानंतर मी सातदा येऊन गेले. आपण गोळ्यांचं बोललो, नळाचं, रशीदभाईंच्या नातवाचं. तू तो विषय पुन्हा काढला नाहीस, आणि मला वाटलं, चला, विसरला. तू विसरला नव्हतास. बारावी व्हायची वाट पाहत होतास. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी गेलास.

आज अखजी आहे. हे मी घाटंजीच्या घरात, ओसरीवर बसून लिहिते आहे. मृणालला बरोबर आणलं आहे. पुण्याच्या कॉलेजांचे फॉर्म निघतील, त्याआधी घर एकदा उघडू, असं तिला सांगितलं. तिनं झाडून काढलं, मी रस केला. कुंभाराकडून सहा घागरी आणल्या. बाबा मांडायचे त्याच क्रमानं मांडल्या. आजोबा, आजी, मग ती, मग बाबा, आई, आणि शेवटी तू. तुझं वर्ष झालं नाही, इतक्यात घागर भरत नाहीत, असं मावशीनं फोनवर बजावलं होतं. मी भरली.

पाणी सोडताना मृणाल माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. पहिल्या दोन घागरींवर मी नावं घेतली. तिसरीवर हात गेला आणि माझे ओठ मिटले. मी ठरवून मिटले नाहीत, भाऊ, आपोआप मिटले.

"आई, ही कोणाची?"

"राहू..." माझ्या तोंडातून अर्धं निघालंही होतं.

"कुसुमची," मी म्हणाले. "माझी आत्या. मामाचीही." आणि मग सगळं सांगितलं. मागची खोली, सात वर्षं, ताट सरकवणं. बंडी, कात्रण, डॉक्टरांचा प्रश्न आणि माझं उत्तर. साखरपुडा. तुझा ग्रेडर. संक्रांतीला मी तुला काय म्हणाले तेही, शब्दन् शब्द. सांगता सांगता पत्रावळीवरचा रस काळा पडला, मुंग्या लागल्या. मी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही, पुरण वाटताना आई माझ्याकडे बघत नव्हती तशीच.

तिनं बोटानं पत्रावळीवरच्या मुंग्या झटकल्या. मग तिनं विचारलं, "मला होईल?"

"माहीत नाही. रक्त तपासून कोणालाच सांगता येत नाही. बहुतेक नाही होणार. पण कधी असं वाटलं की रेडिओत तुझ्यासाठी काही आहे, किंवा कोणाला ऐकू न येणारं तुला येतंय, तर त्याच दिवशी मला फोन करायचा. पेपर असो, काही असो. मी येईन, आणि कुठलंही दार लावणार नाही." हे वाक्य मला वीस वर्षांपूर्वी तुला म्हणायचं होतं.

मृणालनं तिसऱ्या घागरीवर स्वतः पाणी सोडलं. "कुसुम," ती म्हणाली. मग तुझ्या घागरीवर. तेव्हा मात्र रडली, सात आठवड्यांचं एकदम. सावरल्यावर नाक पुसत तिनं विचारलं, "बाबांना माहीत आहे? आत्याचं?"

मी मान हलवली. नाही.

"मग?" एवढंच. तुझ्यासारखंच विचारते, हात थेट आत घालते.

तिचे बाबा संध्याकाळच्या बसनं येत आहेत, आम्हाला न्यायला. घागरी मी अजून उचललेल्या नाहीत. तुझं फडकं घडी करून तुझ्या घागरीपाशी ठेवलंय, चश्मा त्यावर. ते आत आले की आधी नमस्कार करतील, मग मोजतील, त्यांना मोजायची सवय आहे. पाच माणसं, सहा घागरी. त्यांनी विचारलं नाही, तर मीच सांगणार आहे, भाऊ. मृणाल म्हणाली आहे की ती माझ्या शेजारी बसेल.